कुणीच कोपलेलं नाही

माझा मित्र केशव गेल्याचा निरोप मोखाड्याहून आला तेव्हा मी जव्हारच्या शाळेत वर्गावर होतो. तो संस्थानच्या दवाखान्यात कंपाउंडर. तापाच्या साथीत पाड्यापाड्यांवर औषध देत हिंडला आणि तोच ताप घेऊन पडला. महिना उलटला, तरी लिहायला बसलो की हात थांबतो...

काही वर्षांपूर्वी अशाच साथीत त्याची बायको यमुना आणि पाळण्यातली लेक पाठोपाठ गेल्या. भेटायला येणारे देवीचा कोप, मागल्या जन्मीचं पाप असं काहीबाही बोलून जायचे. केशवचं जेवणखाण सुटलं. "काय चुकलं रे माझं?" एवढंच विचारायचा. त्या दिवसांत मुंबईहून येणाऱ्या औषधांच्या खोक्यांत, बाटल्यांभोवती कोंबलेली इंग्रजी मासिकं त्याच्या हाती लागली. भडक मुखपृष्ठं, हलका पिवळट कागद आणि आत ताऱ्यांपलीकडल्या, माणसाच्याही आधीच्या अक्राळविक्राळ जिवांच्या कथा. एक वाचून मला शहारे आले.

"असलं भयंकर वाचवतं कसं तुला?"

"अरे, त्यांना माणूस दिसतही नाही," तो म्हणाला. "ते कुणाला शिक्षा करत नाहीत."

त्या दुपारी तो किती तरी दिवसांनी पोटभर जेवला.

पुढे दाभोशाच्या पाड्यावरल्या सोनीचा मुलगा तापाने गेला. भगताने खापर तिच्यावरच फोडलं आणि तिने अन्न सोडलं. मी केशवबरोबर गेलो होतो. अंगणात बसून त्याने तिला आभाळातून सरपटत जाणाऱ्या एका जिवाची गोष्ट सांगितली. त्याच्याखाली गावंच्या गावं चिरडतात, त्याला पत्ताही नसतो. सोनी ऐकत राहिली.

"म्हंजे माझेवर कोनी कोपला नाय, दादा?"

"नाही गं बाय. कुणीच नाही."

ती हमसाहमशी रडली. मग नाचणीची पेज प्याली.

केशव गेला त्याच्या आदल्या दिवशी मी त्याला मोखाड्यात भेटलो. अंग भाजत होतं. बरं वाटेल म्हणून त्या मासिकांतली एक कथा वाचायला घेतली, तर त्याने मासिक ढकलून दिलं.

"नको. वर कुणीच नसेल, तर यमू मला कुठं भेटायची रे?"

"भेटेल," मी म्हणालो. "तुझी वाट बघत असेल ती. लेकीला कडेवर घेऊन."

तो माझ्याकडे बघत राहिला. माझा आवाज कापला होता, तो त्याला कळला असावा.

"तूही चांगली गोष्ट सांगतोस," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून निजला.