कामगार फाटकाजवळचा विसावा

आईनं माझ्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली, आणि तीसुद्धा मेल्यानंतरची. "मले गाडीत नको नेऊ. खांद्यावर ने. कामगार फाटकाजोळ विसावा दे, अन् मंग ने कुठं न्याचं तिथं." एवढंच. हे ती सणावाराला, भाजी निवडताना, कधी नुसतीच आठवण आली म्हणून सांगायची. मी चिडायचो. "आई, जेवताना हे काऊन काढतं वं?" तर म्हणायची, "मंग कवा काढू? मेल्यावर?"

खामगावात जिनच्या मागे आमची गल्ली आहे. जिन म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, आणि त्याला लागूनच गाठी बांधायची प्रेस. गल्लीतली सगळी घरं याच दोन्हींच्या पोटातून निघालेली. माझे वडील प्रेसवर होते. हंगामात कापसाचे तंतू सगळीकडे असायचे. दह्यावर, तुळशीवर, बापाच्या भुवयांवर. आई आम्हाला जेवायला वाढायच्या आधी ताटावर फुंकर मारायची. ती सवय तिची अजून गेलेली नाही, जिन बंद पडून जमाना झाला तरी.

जिनच्या मागच्या भिंतीत एक बुटकं लोखंडी दार आहे, तेच कामगार फाटक. माणूस आणि सायकल जाईल एवढंच. त्यातून आत शिरलं की आवारातून एक पायवाट नाल्याकडे आणि नाल्यापलीकडे स्मशानात. गल्लीतला कोणी गेला की तिरडी याच वाटेनं निघायची. फाटकाजवळ खाली टेकवायची, तोच विसावा. पुढचे मागे, मागचे पुढे व्हायचे. आत काम चालू असलं तर रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, थांबवायचे, पांढऱ्या भुवयांची माणसं फाटकात येऊन हात जोडायची. मालकाचा बाप गेला तेव्हा रेचे थांबले नव्हते, पण हमालासाठी थांबायचे. याचा आमच्या गल्लीला भलता माज होता.

माझ्या बापाला मात्र तो विसावा मिळाला नाही. ते अकोल्याच्या दवाखान्यात वारले, आणायला उशीर झाला, आणि गाडी बायपासनं परभारे स्मशानात गेली. आई ओट्यावर फाटकाकडे तोंड करून बसली होती. तिला वाटलं, आता आणतील. कोणी आणलं नाही. ती मला कधी बोलली नाही याबद्दल, पण तेव्हापासून तिची ही मागणी सुरू झाली.

आता गल्लीचं काय झालं ते सांगतो, म्हणजे मला राग का येतो ते कळेल. आधी जिन बंद पडली, मग तेलाची गिरणी. पोरं पुण्याला गेली, चाकणला गेली, सुरतेला गेली. माझा पण चाकणलाच आहे. कुलूप लावून जाणारा प्रत्येक जण म्हणायचा, "दिवाळीले येतो ना." पहिल्या दिवाळीला यायचे, दुसऱ्या दिवाळीला फोन यायचा. मी जळालेल्या मोटारी भरून देतो, म्हणजे त्यातली जुनी तार काढून नवी भरतो. शेतकरी विहिरीवरच्या मोटारी आणतात, म्हणून माझं पोट इथं भरलं, म्हणून मी राहिलो. मी काही गावावरच्या प्रेमानं राहिलो नाही, उगाच मोठेपणा कशाला सांगू?

तर अशा या गल्लीत एक दिवस बातमी आली की जिनची जागा विकली, प्लॉट पडणार, सिमेंटची भिंत उठणार. नगरपालिकेनं शहराचा नवा आराखडा लोकांना बघायला भिंतीवर लावला होता. मी आणि चाचा बघायला गेलो. चाचा म्हणजे आमचा शेजारी, प्रेसवरच्या हमालांचा मुकादम होता. त्याच्या हाताखाली हिंदू, मुसलमान सगळे गाठी वाहायचे, आणि गल्लीत तिरडी असो की जनाजा, खांदे तेच असायचे. नकाशावर गाव नुसतं फुगलेलं. इकडे नवी वस्ती, तिकडे रुंद रस्ता, बाग, बाजार. आमची वाट मात्र कुठंच नव्हती.

चाचा चष्मा वर-खाली करत म्हणाला, "अबे, हे एवढे सारे लोक येनार कुठून हाये?"

"तुह्या सासुरवाडीहून," मी म्हणालो. हसलो आम्ही, पण बाहेर आल्यावर दोघांनाही चहा गोड लागला नाही.

मी हरकत घेतली. सुनावणीला गेलो. समोर आराखडा करणारी एक तरुण बाई होती, सभ्य, शांत. तिनं विचारलं, "काका, ही वाट वापरतं कोण?"

"मेलेले," मी म्हणालो.

माझा आवाज चढला होता. म्हटलं, मॅडम, तुम्ही गाव वाढणार धरून रस्ते काढता. आमचं गाव कमी होऊन राह्यलं. कमी होणाऱ्या गावाचा पण काही आराखडा असतो की नाही? म्हातारे कुठून जातील, दवाखाना किती लांब, नळाला पाणी सोडायचं तर कोणासाठी, याचा विचार कोण करेल? ती मला थांबवत नव्हती, हेच मला जास्त खुपत होतं. शेवटी म्हणाली, "काका, खरंय तुमचं. पण लोक कमी होतील असं धरून काम करायला आम्हाला कोणी सांगतच नाही. माझ्या स्वतःच्या गावातली शाळा बंद झाली." मग ती दुसऱ्या दिवशी उन्हात वाट बघायला आली. चाचानं तिला फाटक दाखवलं, आईनं तिला पाणी दिलं. जाताना गल्लीतल्या कुलपांकडे बघून तिनं विचारलं, "आता इथं राहतं कोण कोण?" मला भयंकर संताप आला. संताप यायचं कारण एवढंच, की तिनं बरोबर विचारलं होतं.

पण "बघते काय करता येतं ते" म्हणून गेलेली बाई शब्दाची पक्की निघाली. भिंतीच्या कडेनं पायवाट सोडली, फाटक शाबूत ठेवलं. आम्ही जिंकलो! गल्लीत पेढे वाटले. फिटरकाकानं तर फाटकाच्या बिजागऱ्यांना स्वतः तेल घातलं. फिटरकाका जिनवर फिटर होता, आमच्यापेक्षा वयानं मोठा, एकटाच राहायचा. आई ओट्यावरून म्हणाली, "आता म्या केव्हाई मोकळी." त्या दिवशी ती लय खूश होती. वाटीभर बासुंदी जास्तीची खाल्ली तिनं.

आमचा आराखडा पण तयार झाला, तिरडीला कोण कुठं खांदा देणार त्याचा. चहाच्या टपरीवर चाचानं आम्हा उरलेल्यांना भिंतीला पाठ लावून उभं केलं. गाठ वाहताना हमालांच्या जोड्या उंचीनं लावतात, नाही तर सगळा भार बुटक्यावर येतो. पुढे चाचा आणि मी, मागे रिटायर पोस्टमन आणि पीठगिरणीवाला. फिटरकाका बाजूला उभा राहून दात काढत होता. "मले कोन्या जोडीत घेता बे?"

चाचा म्हणाला, "तू माल हायेस. हमाल नाई."

काय हसलो आम्ही! टपरीवाल्यानं ग्लास विसळायचं सोडून आमच्याकडे बघितलं.

थंडी संपता संपता फिटरकाकाच गेला. सकाळी दूध घ्यायला उठला नाही. त्याचा पोरगा सुरतेहून गाडीनं मलकापूरला उतरला, तिथून जीप करून दुपार कलता कलता पोचला. त्याच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं, वाकता येत नव्हतं. तसंही त्याला विस्तवाचं मडकं धरून पुढेच चालायचं होतं. बाकी गोळा झालेले म्हणजे काठीवाले आणि गोळ्यांवाले. पण आमची जोडी ठरलेली होती, वाट मोकळी होती, आम्हाला कशाची चिंता नव्हती.

काकाची तिरडी ओट्यावर ठेवली होती. ओटा कमरेएवढा उंच. आम्ही चौघांनी वाकून खांदे खाली घातले आणि काका उचलला गेला. चाचा जुन्या सवयीनं पुटपुटला, "संभाल के, संभाल के." गल्ली पार केली. फाटकाशी आलो आणि रीतीप्रमाणे काकाला खाली टेकवलं, जमिनीवर.

मग उचलता आलं नाही.

मी साधं सांगतो, कारण दुसरं काही सांगण्यासारखं नाही. आम्ही वाकलो, बांबू धरले, चाचानं हुकूम दिला आणि तिरडी हलली नाही. पुन्हा केलं. गुडघ्याएवढी आली आणि पोस्टमनचा हात सुटला. काका कलंडला. मी कसाबसा त्याला सावरला, त्याचं डोकं माझ्या दंडावर आलं. तिसऱ्यांदा चाचाचा गुडघा वळला आणि तो मातीत बसला, बसूनच राहिला.

"बोझा जमिनीवर ठेवत नसतो आपुन," तो म्हणाला. "उंचावर ठेवतो. जमिनीवरून उचलाले तरने पोट्टे लागतात, खांद्यावर देऊन बाजूले होनारे. म्या कसा इसरलो? म्या मुकादम होतो ना बे!" तो कपाळावर हात मारून घ्यायला लागला. पोरगा मडकं धरून उभा, विस्तव विझत चाललेला. कोणी म्हणालं, गाडी बोलवा. दुसरा म्हणाला, या वाटेनं गाडी येते कुठं. ही वाट तर आम्हीच मागून घेतलेली होती.

शेवटी भिंतीवर काम करणारे परप्रांतीय मजूर थापी ठेवून खाली उतरले. त्यांनी आधी टाकीवर हात धुतले. मग एका दमात काकाला उचललं आणि निघाले. त्यातला एक चालता चालता मला विचारतो, "कौन थे, बाबूजी?" ज्या माणसानं या आवारातला एक एक रेचा खोलून पुन्हा बसवला, तो कोण होता ते मी त्याला काय सांगू? मी म्हणालो, "यहीं के थे." आणि मग मी रडलो, पोरांसारखा, सगळ्यांसमोर.

घरी आलो तर आई ओट्यावर होती. आमच्या ओट्यावरून फाटक सरळ दिसतं. तिनं सगळं बघितलं होतं. तिनं माझ्या आंघोळीला पाणी काढून ठेवायला सुनेला सांगितलं, एवढंच.

पुढे प्लॉट काही विकले गेले नाहीत. कोण घेणार? प्लॉटच्या बोर्डाचा रंग उन्हानं उडाला, भिंत अर्धी राहिली, मजूर निघून गेले. पायवाट तेवढी आहे, झाडून काढल्यासारखी स्वच्छ. तिच्यावरून जातं कोण?

मधे मी पोराला फोन केला. आवाज मऊ ठेवायचं ठरवलं होतं, नाही ठेवता आला. म्हटलं, आजीच्या वेळेला दोस्त घेऊन ये, पाच-सहा तरी. तो म्हणाला, "बाबा, सुट्टी लगेच नाही भेटत. गाडी सांगून ठेवा ना, आता सगळे गाडीतच नेतात." तो काही वाईट बोलला नाही. मी फोन ठेवला आणि जळालेल्या मोटारीची तार ओरबाडून काढत बसलो, हात कापेपर्यंत.

मग एक दिवस बायको स्वयंपाकघरातून हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही पाह्यलं का? आई अर्धीच भाकर खाऊन राह्यल्या. दूध त मांजरीले देतात." मी म्हटलं, वय झालं, भूक कमी होते. ती म्हणाली, "भूक नाई कमी झाली. माह्या हातच्या ठेच्याकडे पाहत राहतात अन् ताट सारतात."

त्या संध्याकाळी मी आईजवळ बसलो. ताटात ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी. तिनं सवयीनं ताटावर फुंकर मारली, अर्धी भाकर मोडली आणि अर्धी माझ्या ताटात टाकली.

"आई, खाय ना वं. काऊन असं करतं?"

"पुरते मले."

"डॉक्टरकडे जायचं का?"

"डॉक्टर काय करते?" मग पाय पसरून, लुगडं सारखं करून म्हणाली, "उचलून पाह्य बरं मले."

"काय?"

"उचल म्हनते ना. भुईवरून उचल."

मी तिच्या पाठीखाली एक हात घातला, गुडघ्याखाली एक, आणि उभा राहिलो. काही जोरच लागला नाही. लहानपणी मी सरकीच्या पोत्यावर झोपायचो तर ही मला उचलून घरी आणायची, तेव्हा हिच्या बांगड्या माझ्या पाठीला रुतायच्या. आता हिची हाडं माझ्या हाताला लागत होती. तरी मी हसून म्हणालो, म्हणजे ती जेवेल, "काहीच वजन नाई वं तुले! एकटा नेईन मी. आता खाय पोटभर."

तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवून माझ्याकडे बघितलं.

"तुह्या हातात मडकं राहीन बापू," ती म्हणाली. "उचलाचं त त्या म्हाताऱ्याइले हाये."

मी तिला खाली बसवलं. उरलेल्या अर्ध्या भाकरीतली पुन्हा अर्धी मोडून तिनं माझ्या ताटात ठेवली.