वाणात टेस्टर

"आधी उघडून बघा, मग रडा," आमच्या शेजारच्या मॅडम म्हणायच्या, पदर खोचून, हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. मी बंद पडलेला मिक्सर घेऊन गेले, तर तो मलाच उघडायला लावला. वर चहाही माझ्याकडूनच करून घेतला.

महाप्याच्या एका कारखान्यात सर्किटं तपासण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर बायका भजनी मंडळ धरतात, ह्यांनी सोसायटीच्या हॉलमध्ये मुलींसाठी इलेक्ट्रॉनिक्सचा वर्ग काढला. मुली येईनात. मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी वाण म्हणून चक्क टेस्टर लुटले. "प्लॅस्टिकचे डबे किती साठवाल? मुलीला पाठवा, वापरायला शिकवते." आम्ही तोंडाला पदर लावून हसलो, पण पुढच्या रविवारी हॉल भरला.

त्यात कविता होती. वडील वाशीच्या मार्केटात माथाडी, मूळचे साताऱ्याकडचे. पोरीचं सोल्डरिंग इतकं स्वच्छ की मॅडम नुसत्या बघत राहायच्या. महाप्याची एक कंपनी शिकाऊ मुली घेणार होती, पण परीक्षा नेमकी गावच्या यात्रेदिवशी आली. ही संधी हुकली की लग्न, हे कविताला ठाऊक होतं.

मॅडम मला सोबत घेऊन त्यांच्या घरी गेल्या.

"यात्रेला घरातलं माणूस मागं ठेवत न्हाई आमी. देव कोपतो," वडील म्हणाले.

"माझं नाव सांगा त्याला. माझ्यावर कोपू दे."

"आन नापास झाली तर?"

"मार्केटात पहिलं पोतं एका दमात उचललंत का तुम्ही?"

ते म्हणाले, "पडलो हुतो."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी गेलो परत."

कविता परीक्षेला बसली. मॅडम दिवसभर माझ्याकडे शेंगा सोलत होत्या. टरफलं डब्यात, दाणे कचऱ्यात. एवढी धीट बाई, पण त्या दिवशी धास्तावलेली, आणि म्हणूनच मला ती फार आवडली. कविताची निवड झाली.

यंदा मॅडम गेल्या. शिकून गेलेल्या सगळ्या पोरी धावत आल्या, एक कविता तेवढी दिसेना. मला रागच आला. तेवढ्यात तिचे वडील मार्केटच्या कपड्यांतच आले आणि त्यांनी मॅडमच्या पायांवर डोकं ठेवलं.

"कविता कुठाय?" मी विचारलं.

"कामावर धाडली. लई रडत हुती. पर आज कंपनीत नव्या पोरी यायच्या हायत, त्यांस्नी हिनंच शिकवायचंय. म्हटलं, आज खाडा केलास तर मॅडम उठून बसतील."

एवढं बोलून ते मॅडमकडे बघत राहिले.