आर्य आणि भाड्याची खोली

माझे वडील सुलतानपूर सोडून कधी कुठे राहायला गेले नाहीत, तरी त्यांनी स्थलांतरं पुष्कळ केली. जन्मले ते वऱ्हाडात. मी मॅट्रिक झालो तेव्हा ते मध्य प्रदेशात राहत होते, मी नोकरी शोधायला लागलो तेव्हा मुंबई राज्यात, आणि मला मास्तरकी मिळेपर्यंत ते महाराष्ट्रात पोचले होते. एवढ्या प्रवासात त्यांची दारापुढची खाट जागची हलली नव्हती. त्यामुळे आर्य नावाचे लोक कुठून कुठे गेले यावर शहाणी माणसं भांडतात हे मला कळलं, तेव्हा आधी त्या आर्यांचीच कीव आली. बिचाऱ्यांना पायी जावं लागलं होतं.

नोकरी लागली ती मेहकर तालुक्यातल्या एका मोठ्या गावात. गावाचं नाव सांगत नाही. डोणगाववाले म्हणतील आमचं नव्हे, जानेफळवाले म्हणतील आमचं नव्हे, आणि दोघांचंही खरं धरावं. मी शाळेत इतिहास शिकवायचो आणि शाळेतच नकाशांच्या खोलीत झोपायचो. उशाला आशिया, पायथ्याला दक्षिण अमेरिका. माझं एकट्याचं ठीक चाललं होतं, पण मला घर पाहिजे होतं आणि ते लवकर पाहिजे होतं.

कारण माझी बायको. मॅट्रिकच्या वर्गापर्यंत येऊन तिचं शिक्षण लग्नामुळे अडलं होतं. तिला ते पुरं करायचं होतं, आणि तो वर्ग माझ्याच शाळेत होता. माझ्या वडिलांची हरकत नव्हती, अट मात्र होती: स्वतंत्र खोली असेल तरच सून पाठवीन. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत खोली नाही मिळाली, तर पेरणी सुरू होणार, ती शेतात जाणार आणि वर्ष हातचं जाणार. बौद्धवाड्यातली माणसं आपुलकीची होती, या म्हणत होती, पण त्यांच्या घरांत त्यांनाच पाय लांब करायला जागा नव्हती. तिथे ती अभ्यास कुठे करणार?

गावात खोल्या रिकाम्या होत्या. पण आमच्याकडे खोली दाखवण्याआधी तीन प्रश्न विचारायची रीत होती: गाव कोणतं, आडनाव काय, सोयरे कुठले. गावावरून कळलं नाही तर आडनावावरून, आडनावावरून नाही तर सोयऱ्यांवरून माणूस सापडतोच. तिसऱ्या उत्तरानंतर घरमालकाचा एक पुतण्या अमरावतीहून राहायला यायचा असायचा. त्या उन्हाळ्यात अमरावतीहून आमच्या गावाकडे एवढे पुतणे निघाले होते की आर्यांच्या टोळ्यासुद्धा लाजल्या असत्या. त्यातला एकही पुढे कधी पोचलेला मी पाहिला नाही.

अशात माझी गाठ पडली वाचनालयाच्या अध्यक्षांशी. तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून त्यांची हयात गेली होती. पेन्शनीत निघाल्यावर लोक काशीला जातात, हे उत्तर ध्रुवाला गेले. आर्य तिकडूनच आले, घोड्यांवरून आले, आणि त्यातली एक शाखा थेट आपल्या ओसरीवर येऊन थांबली, यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. आर्यांबद्दल बोलताना ते पुणेरी बोलत, बाकी सगळं वऱ्हाडीत. पुराव्यासाठी ते नाकं मोजत. शाळेच्या कंपासपेटीतला डिव्हायडर आणि शिंप्याची टेप घेऊन ते दिवसभर ओसरीवर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावत. नाक मोजून घेतल्यावर चहा मिळायचा, त्यामुळे शास्त्राला नाकांची टंचाई नव्हती.

मी खोलीचं विचारायला गेलो होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा हात डिव्हायडरकडे गेला.

"बसा मास्तर. हलू नका. मान सरळ."

नाकाच्या मापांवरून माणसाचा वंश ठरत नाही, हे मी तेव्हाही वाचलेलं होतं. पण मला खोली पाहिजे होती, आणि नाक मोजून काही झिजणार नव्हतं. त्यांनी लांबी घेतली, रुंदी घेतली, भागाकार केला, पुन्हा केला. मग त्यांचा आवाज भरून आला.

"अस्सल! एवढ्या वर्षांत असं नाक मी पाहिलं नाही. याला म्हणतात आर्य." आणि लगेच वऱ्हाडीत, "खोली पायजे ना तुमाले? घेऊन टाका. मागची हाये, हवेशीर हाये. बाईले बोलावून घ्या."

तीन प्रश्नांपैकी एकही त्यांनी विचारला नाही. अख्ख्या गावात तेवढ्या एका माणसाने रीत मोडली, ती शास्त्रावरच्या श्रद्धेपोटी. मीही आपण होऊन काही सांगितलं नाही. मला कोणी विचारलं नव्हतं. त्याच दिवशी मी सुलतानपूरला निरोप धाडला की खोली मिळाली, तिला पाठवा.

त्याच आठवड्यात वाचनालयाची उन्हाळी व्याख्यानमाला होती. तीन संध्याकाळी, विषय एकच: आर्य मूळचे कुठले. एका बाजूला अध्यक्ष, दुसऱ्या बाजूला आमचे हेडमास्तर. हेडमास्तरांचं म्हणणं, आर्य बाहेरून आलेच नाहीत, ते इथलेच, उलट इथून जगभर गेले. कापूस विकून झाला होता, नांगरटी उरकल्या होत्या आणि गावाला काम नव्हतं. लाउडस्पीकर लागल्यामुळे माणसं जमली.

पहिल्या संध्याकाळी अध्यक्षांनी उत्तर ध्रुवापासून सुरुवात केली. बर्फ, घोडे, रथ, सहा महिन्यांची रात्र. मागून एका शेतकऱ्याने विचारलं, "साहेब, ते आले ते आले, पन जमिनीचा फेरफार कोनाच्या नावानं झाला?" लोक हसले, अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी मला व्यासपीठावर बोलावलं, बाजूने उभं केलं आणि पट्टीने माझं नाक गावाला दाखवलं. "हे पाहा. हजारो मैलांचा प्रवास करून हे नाक इथवर आलं आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बैलांच्या प्रदर्शनात बैलाला काय वाटत असेल याची मला तिथे थोडी कल्पना आली.

हेडमास्तर खुर्चीत बसून मंद हसत होते. माझा नेमणुकीचा कागद त्यांच्या सहीनेच झाला होता, मी कोण ते त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

दुसऱ्या संध्याकाळी ते उठले आणि त्यांनी नद्यांची, झाडांची नावं घेत तासभर काढला. शेवटी म्हणाले, "काल आपल्याला एक अस्सल आर्य नाक दाखवण्यात आलं. सन्माननीय अध्यक्षांनी ते स्वतः मोजलं. ते मास्तर बौद्ध आहेत, पूर्वाश्रमीचे महार. आता अध्यक्षांनी सांगावं, सिद्धांत चुकला की डिव्हायडर?"

सभेत हशा पिकला. हेडमास्तरांनी मला हात जोडले, जणू मी त्यांच्या बाजूचा साक्षीदार होतो. पुरोगामी माणूस. जातिभेदावर ते फार सुंदर बोलत. त्यांच्या स्वतःच्या घरीही दोन खोल्या रिकाम्या होत्या, पण त्या सिद्धांताच्या बाहेर होत्या. मी अध्यक्षांकडे पाहत होतो. ते माझ्याकडे पाहत नव्हते, टेबलावरच्या टेपची गुंडाळी करत होते. बायको दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने निघणार होती आणि तिला थांबवायला आता काही उपाय नव्हता.

ती आली. हातात पिशवी, माझ्या खांद्यावर तिची ट्रंक, ट्रंकेत पुस्तकंच जास्त. वाटेत मी तिला आदल्या दिवशीचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "विचारून तं पाहू. माणूस येका रात्रीत बदलते काय?"

अध्यक्ष ओसरीवर होते. आम्हाला पाहून उठले, पुन्हा बसले.

"मास्तर, मले वाईट वाटून राह्यलं," ते म्हणाले. "पन मागची खोली गळते."

"पाऊस यायला अजून येळ हाये, बाबा," बायको म्हणाली. "आमी छपरावरचे कवेलू फेरून घेऊ."

"तसं नाई बाई. माहा पुतण्या येऊन राह्यला अमरावतीहून."

मला हसू आलं आणि त्याच क्षणी भयंकर राग आला. तो राग अजून गेलेला नाही. मी ट्रंक उचलायला वाकलो, पण बायको जागची हलली नाही. ती अध्यक्षांशी अगदी मानाने बोलत होती, माहेरच्या वडीलधाऱ्याशी बोलावं तशी.

"खरं सांगा ना बाबा. काऊन नाई म्हनता?"

अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. त्यांनी खरं सांगितलं. "बाई, घरात देव हायेत, सोयरेधायरे येतात. आमचं मूळ येगळं, तुमचं मूळ येगळं. मी तरी काय करू?"

"तुमचं मूळ कुठलं?"

एवढ्या अडचणीतही त्यांना या प्रश्नाचा मोह आवरला नाही. ते पुणेरीत शिरले. "आमचे पूर्वज फार दुरून, उत्तरेकडून आले."

"आन् ते आले तवा हितं कोन व्हतं?"

"होते. इथले मूळचे लोक होते."

"म्हंजे आमी," ती म्हणाली. "मंग बाबा, जागा आमची झाली. तुमी मागून आले, आमच्या जागेवर खोल्या बांधल्या. आमी तुमाले कधी निघा म्हनलं नाई. भाडंबी मांगितलं नाई. आमी तं उलटं भाडं देऊन राह्यलो, तरी तुमी नाई म्हनता?"

ओसरीवर नाक मोजून घ्यायला आलेले दोघं चहाच्या कपात पाहत बसले. मला वाटलं, आता हा माणूस दार उघडेल. खरंच वाटलं. शब्दांनी एखादी गोष्ट इतकी स्पष्ट झाल्यावर तिचा काहीतरी उपयोग होतो, असा इतिहासाच्या मास्तरांचा एक गैरसमज असतो. अध्यक्ष उठले, "नमस्कार" म्हणाले आणि आत गेले.

दुपारच्या गाडीपर्यंत आम्ही स्टँडवर ट्रंकेवर बसलो. ती रडली नाही. पुस्तकं तिने परत नेली नाहीत, "तुमच्याजवळच राहू द्या, शेतात काय कामाची" म्हणाली. गाडी आली, ती गेली. मृगात ती सरकीच्या ओळी टोबत होती.

त्या संध्याकाळी व्याख्यानमालेचा समारोप होता. मी गेलो, कारण जायला माझ्याकडे नकाशांची खोली सोडून दुसरी जागा नव्हती. अध्यक्ष उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले की सकाळपासून आपण या प्रश्नाचा नव्याने विचार केला आहे. उत्तर ध्रुव वगैरे कल्पना आता टिकत नाहीत. आर्य कुठूनही आले नाहीत. ते इथलेच, याच मातीतले, पहिल्यापासूनचे मालक. हेडमास्तरांनी उठून त्यांना मिठी मारली. गावाने टाळ्यांचा कडकडाट केला, आणि वाद मिटला.

एका माणसाने इतकी वर्षं जपलेला सिद्धांत एका सकाळीत बदलला, तो माझ्या बायकोच्या चार वाक्यांनी. आर्यांच्या संशोधनात आमच्या घराण्याची एवढीच भर आहे, आणि ती घालायला तिचं एक वर्ष लागलं.