वजनाला

आमच्या मागच्या दारातून आकाशपाळणा दिसायचा. कोलशेतला खाडीच्या काठावर, जुन्या मिठागराच्या जागेत भराव टाकून एका शेठने बाग काढली होती. बाग म्हणजे झाडं नव्हेत. फिरणारे घोडे, लहान मुलांची आगगाडी, तळ्यात पायांनी चालवायच्या बोटी, वेडंवाकडं दाखवणाऱ्या आरशांची खोली आणि मधोमध तो आकाशपाळणा. गावात सगळे त्याला चाक म्हणायचे. मीही चाकच म्हणते.

चाक उभं राहिलं तेव्हा ऐंशीच्या पुढची सालं होती. माझी मुलगी नुकती शाळेत जायला लागली होती. त्याआधीच खाडीतला मासा गेला होता. कारखान्यांचं पाणी भरतीला वर चढायचं आणि ओहोटीला मेलेली बोईटं काठावर पांढरी पडलेली असायची. जे थोडं जाळ्यात यायचं त्याला रॉकेलचा वास. नवऱ्याने होडी वर ओढली आणि तो शेठकडे कामाला लागला. त्याला चाक चालवायचं काम मिळालं. मोटर सुरू करायची, माणसं बसवायची, उतरवायची.

लोखंडातलं त्याला काही कळत नव्हतं. त्याला होडी कळायची. म्हणून त्याने चाकाला होडीच मानलं. आमच्या होडीच्या तोंडावर दोन डोळे रंगवलेले होते, तसेच त्याने चाकाच्या मधल्या तुंब्यावर काढले. जाड रंगाने, एकावर एक हात देऊन. नारळी पुनवेला चाकाला नारळ वाहिला. शेठ हसला. म्हणाला, "बरं आहे, चाक बघून बघून फिरेल."

पहिली काही वर्षं बाग चालली. रविवारी कोपरीहून, डोंबिवलीहून माणसं बस बदलत यायची. नोकरीवाली माणसं. पोळीभाजीचे डबे, मुलांच्या डोक्यावर टोप्या. मी गेटबाहेर उकडलेल्या शेंगा विकायची.

मग टीव्हीवर एका मोठ्या बागेची जाहिरात लागायला लागली. तिकडे लाँचने जायचं, तिकडचे पाळणे परदेशी. आमची गिऱ्हाइकं तिकडे गेली. ज्यांना तिकडचं परवडत नव्हतं ती राहिली, मग तीही कमी झाली. तळं हिरवं झालं आणि बोटी त्यात अर्ध्या बुडून राहिल्या. आगगाडीच्या इंजिनाला हसरं तोंड होतं, ते फुटलं, कुणी नीट केलं नाही. आरशांच्या खोलीला कुलूप लागलं. कर्ण्यावरची गाणी मात्र बंद झाली नाहीत. माणूस नसलेल्या बागेत दुपारभर गाणी. मला ती ऐकवत नसत.

चाकाचं एक होतं. एका बाजूला माणसं आणि दुसरी बाजू रिकामी असली की ते नीट फिरत नाही. जड बाजू वर चढताना मोटर कण्हते आणि माथ्यावरून सुटली की धाडकन खाली येते. गर्दी होती तोवर हे कुणाला जाणवलं नव्हतं. आता नवरा-बायको आणि दोन पोरं एवढंच गिऱ्हाईक आलं की समोरच्या पाळण्यात वजन लागायचं. मग नवरा बांधाकडे तोंड करून ओरडायचा, "वजनाला चला गो!"

आणि आम्ही जायचो. जाळी शिवत, सुकट निवडत बसलेल्या बायका हात पदराला पुसून उठायच्या आणि पाळण्यात जाऊन बसायच्या. फुकट. सुरुवातीला मजाच वाटली. माझी मोठी जाऊ अंगाने भरलेली. ती दिसली की नवऱ्याचं तोंड फुलायचं.

"वयनी, तुम्ही एकल्या बसा. समोर अख्खी डोंबिवली बसवतो."

"बसव रे. पण मी खाली उतरल्यावर ती डोंबिवली वर लटकंल, तिला कोण उतरवंल? तुझा शेठ?"

एकदा समोरच्या पाळण्यातली बाई उतरल्यावर मला म्हणाली, "तुम्हाला भारी हौस दिसते हो. आमच्याबरोबर तुम्हीही दोनदा बसलात."

"हौस कसली बाई, आम्ही दगड आहोत," मी म्हटलं.

तिला कळलं नाही. मुलाचा हात धरून ती गेली.

मुलगी मोठी झाली तशी तीच जास्त जायला लागली. बापाने हाक मारली की हातातलं टाकून पळायची. वरून खाडी दिसायची, पलीकडचे डोंगर दिसायचे.

"आये, वरून आपलं घर काडेपेटीएवढं दिसतं."

"मग ये काडेपेटीत. भांडी पडलीत."

ती हसायची. मला हसू येत नव्हतं, कारण चाकाचा आवाज बदलला होता. आधी नुसतं करकरायचं. आता त्यात मधूनच टक् असा आवाज यायला लागला, सुपारी फुटल्यासारखा. मागच्या दारात भांडी घासताना मला तो ऐकू यायचा आणि माझा हात थांबायचा. वर मुलीचा पाळणा लटकलेला असायचा.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "लोखंड हाय, वाजणारच. होडी वाजत नाय?"

शेठला सांगितलं. तेव्हा तो टेप धरून जमीन मोजणाऱ्या दोन माणसांबरोबर उभा होता. "मौसी, काय टेन्शन घेता? दिवाळीला रंग मारतो ना." रंग त्याने मारला. दर वर्षी मारायचा, गंजावरच. त्या मोजणाऱ्या माणसांना पाहून मला कळलं की याला आता जमीन विकायची आहे, लोखंडाला हा हात लावणार नाही. तेव्हा आमच्याकडे शेतं जाऊन इमारती उठायला सुरुवात झालीच होती.

मी मुलीला सांगितलं, "आजपासून वजनाला जायचं नाय."

"बाबा बोलावतो."

"बाबाला सांग, आये नाय म्हणाली."

बाकीच्या बायकाही हळूहळू यायच्या बंद झाल्या. जावेला एका कंपनीत पॅकिंगचं काम मिळालं. हाक मारून कुणी येईना, तेव्हा नवऱ्याने त्याचं होडीचं डोकं चालवलं. होडी रिकामी असली की ती कलंडू नये म्हणून तळाला दगड टाकतात. त्याने गोण्यांत खाडीचा चिखल भरला आणि त्या गोण्या एका पाळण्यात ठेवून दिल्या. गिऱ्हाईक आलं की समोरच्या पाळण्यात बसवायचं. चिखल वाळला की हलका होतो, म्हणून रोज सकाळी तो गोण्यांवर खाडीचं पाणी ओतायचा.

यात चुकीचं काही आहे असं त्याला वाटलंच नाही. काठावर ओढलेली होडी उन्हाने तडकू नये म्हणून आम्ही तिच्यावर खाऱ्या पाण्याने भिजवलेली गोणपाटं टाकतो. खारं पाणी मुरलं की लाकूड टिकतं. तो जन्मभर तेच करत आला होता. लोखंडाला तो तेच औषध पाजत राहिला, एक पावसाळा, दुसरा पावसाळा.

एक दिवस मी त्या पाळण्याखालून गेले तर पांढऱ्या रंगावरून लाल ओघळ उतरलेले. घरी आल्यावर मी विचारलं, "तो लाल ओघळ कसला?"

"चिखलाचा."

"खाडीचा चिखल काळा. लाल कधीपासून झाला?"

तो उठून बाहेर गेला. 

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका शाळेची सहल आली. बऱ्याच वर्षांनी बागेत पोरांचा आवाज झाला. शेठ स्वतः आला, बायकोला गाडीत बसवून. सगळे पाळणे भरणार म्हणून गोण्या काढल्या, पाळणा बादलीने धुतला. पोरं लहान, त्यांना धरायला पाळण्यात एखादं मोठं माणूस हवं. नवऱ्याने मुलीला बोलावून घेतलं. मला विचारलं नाही.

मी गेटवर होते. आत पाहिलं तर मुलगी दोन छोट्या पोरींचे हात धरून त्याच पाळण्यासमोर उभी. मी शेंगांची पाटी तिथेच ठेवली आणि आत गेले.

"बाजूला हो."

"आये, सगळी बघतायत."

"बघू दे. पोरींनो, तुम्ही पण तिकडे व्हा."

शेठ धावत आला. "मौसी, ट्रिप आली आहे. नाटक नको."

"शेठ, तुम्ही बसा. शेठाणीला बसवा. तुमची एक फेरी झाली की माझी पोर बसंल."

शेठ हसला, पण बसला नाही. सहलीबरोबरच्या बाईंनी विचारलं, "काही धोका आहे का?"

"काही नाही मॅडम. हे गाववाले असेच असतात."

नवऱ्याचा चेहरा काळवंडला. चारचौघांत बायकोने त्याचं चाक वाईट ठरवलं होतं. "थांब, तुला दाखवतो," म्हणाला. काढलेल्या गोण्या त्याने पुन्हा त्या पाळण्यात घातल्या आणि माणसं न बसवता चाक फिरवलं. गोण्या चढताना मोटर कण्हली, पण चाक फिरलं. तो टक् आवाज मात्र आला नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या, शेठने पण.

"झालं समाधान?" नवरा म्हणाला.

"नाय. ती त्यात बसणार नाय."

मी पाळण्याच्या दाराला पाठ लावून उभी राहिले. शेवटी बाईच म्हणाल्या, राहू दे, तेवढा एक पाळणा सोडा. गोण्या त्यातच राहिल्या आणि पोरं बाकीच्या पाळण्यांत बसली. त्यांच्या फेऱ्या झाल्या, सगळी नीट उतरली. मुलगी माझ्याकडे बघत नव्हती. गावातल्या दोघीतिघी तोंडाला पदर लावून हसत होत्या. पोरं डबे खायला गेटबाहेरच्या झाडाखाली गेली. नवऱ्याने गोण्या काढण्यासाठी चाक पुन्हा चालू केलं.

पाळणा माथ्यावर गेला आणि त्याचा तळ सुटला. गोण्या खाली आल्या त्या चाकाच्या चौथऱ्यावर, जिथे थोड्या वेळापूर्वी पोरं रांगेत उभी होती. गोणपाट फुटलं. काळा चिखल कठड्यावर, मोटरवर, नवऱ्याच्या अंगावर उडाला. वर बिनतळाचा पाळणा हलत राहिला.  कर्ण्यावर गाणं चालू होतं.

त्या संध्याकाळी त्याने तळाचा एक बोल्ट घरी आणला आणि माझ्यासमोर ठेवला. मधोमध खाल्लेला, बोंबलाच्या काट्याएवढा उरलेला.

"खाऱ्या पाण्याने," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं.

 मुलगी पुन्हा माझ्याशी बोलायला लागली.

बाग बंद झाली. चाक सुटं करून ट्रकमध्ये भरलं आणि गेलं. भंगारात गेलं असं सगळे म्हणाले, मीही तेच धरून चालले. जमिनीला पत्रे लागले. मुलीचं लग्न झालं, कल्याणच्या पलीकडच्या गावात दिली. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नवरा वारला.

लेकीच्या गावची जत्रा चैत्रात भरते. नातू चालायला लागला त्या वर्षी मी गेले होते. भर दुपार, उन्हामुळे माणूस तुरळक. मी बांगड्यांच्या दुकानाशी थांबले, ती पोराला घेऊन पुढे गेली. मी बांगडी हातात चढवत होते आणि मला आवाज आला. टक्.

मी वर पाहिलं. आकाशपाळणा लालभडक रंगवलेला. त्याच्या तुंब्यावर, नव्या रंगाच्या खाली, दोन डोळे फुगून वर आले होते. आणि माथ्यावर, एकट्या भरलेल्या पाळण्यात, माझी लेक नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. तिने खाली तुंब्याकडे पाहिलं, मग मला शोधलं. वर बसल्यावर तिनेही आपलं चाक ओळखलं होतं.

मी धावत गेले. "उतरव त्यांना."

चाक चालवणारा माणूस घामाघूम, दोन्ही हातांनी ब्रेक दाबून धरलेला. "कैसे उतारू मौसी? सामने वजन नहीं है. छोडूंगा तो धड से नीचे आयेगा." मग तो दुकानांकडे तोंड करून ओरडला, "कोई बैठो सामने! फुकट में!"

कुणी पुढे झालं नाही. खालचा पाळणा माझ्यासमोर उघडा होता. मी तळावर पाय आपटून पाहिला. रंग नवा होता, त्याच्या खाली काय होतं ते दिसत नव्हतं.

"खाली आलीस की लगेच उतर," मी वर ओरडले आणि बसले.

चाक हळूहळू फिरलं. ती खाली येत होती, मी वर जात होते. अर्ध्या वाटेवर आम्ही समोरासमोर आलो. नातवाने मला हात केला. लेकीने त्याला घट्ट धरलं होतं. मी दांडी धरून पायाखालच्या बोल्टांकडे बघत होते.

ती खाली टेकली. पोराला आधी दिलं, मग स्वतः उतरली. समोरचा पाळणा रिकामा झाला, आणि मी माथ्यावर होते.

"आये, मी परत बसते!" ती खालून ओरडली. तिने एक पाय आत टाकलाही होता.

"बसू नकोस," मी म्हटलं. "पोराला घेऊन लांब हो."

ती हलेना. मी पुन्हा ओरडले. मग ती मागे मागे सरत बांगड्यांच्या दुकानापर्यंत गेली. ती तिथे पोचलेली मी पाहिली आणि खालच्या माणसाला सांगितलं, सोड.