दम कोणाच्या नावाचा?

घरातलं माणूस गेलं की भेटायला येणारा प्रत्येक जण त्याचा एक किस्सा घेऊन येतो. माझा धाकटा भाऊ हिरालाल या चैत्रात गेला. तेव्हापासून आमच्या ओसरीवर कबड्डीच्या टीमचे किस्से साचत चालले आहेत. जुने गडी येतात, सांगतात, हसतात, चहा पिऊन जातात. हसू मलाही येतं. पण ते गेले की मागे राग उरतो. तो कुठे ठेवायचा ते कळत नाही, म्हणून लिहितो आहे.

आमचं गाव गोंदियाजवळ, दवनीवाड्याकडचं. धान कापून झालं की मोकळ्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मैदान आखायचं आणि दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, सामने खेळायचे. हिरालाल कॅप्टन. मी शाळामास्तर, म्हणून गुण लिहायला. टीमचे प्रेसिडेंट गावचे मालगुजार, म्हणजे जमीनदार. मालगुजारी सरकारनं काढून घेतली होती, पण मालक मालकच राहिले होते. आमची बनियनं त्यांनीच शिवून दिलेली!

*

सामन्याआधी मालक मध्यरेषेवर नारळ फोडायचे. एकदा करवंटीचा तुकडा मातीत राहून गेला. आमचा पुनाजी चढाई करून धावत परतत होता आणि नेमका त्याच्यावर पाय पडला. रेषेच्या पलीकडेच खाली बसला. समोरच्या कोणी त्याला हातही लावला नव्हता! पंच गोंधळले. गडी धरला कोणी?

पुनाजीनं टाचेतून तुकडा उपसून वर धरला. "यानं धरलं जी मले! हा कोनाच्या टीमचा हाय, तुमीच पाहा!"

सगळं मैदान हसलं. मालक तेवढे हसले नाहीत. "प्रसाद हाय तो. फेकू नको!" म्हणाले.

पुनाजीची टाच पुढे चिघळली. प्रसादाला दोष कोण देणार?

*

नवेगाव बांधच्या मंडईतली गोष्ट. आमच्या टीमनं रिंगण करून आरोळी ठोकली, "बजरंगबली की जय!" समोरच्या टीमनंही रिंगण केलं आणि तीच आरोळी दुप्पट जोरानं ठोकली. मग आम्ही पुन्हा. मग ते पुन्हा. सामना बाजूलाच राहिला!

हिरालाल पुनाजीच्या कानात म्हणाला, "आता तो बिचारा कोनाचा पाय धरंल बे?"

हिरालाल नास्तिक नव्हता. मैदानात उतरताना माती कपाळाला लावायचा, पण कोणाचं लक्ष नसताना. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "दादा, मोठ्यानं कायले सांगू? तो का बहिरा हाय?"

देवाचं नाव घेणाऱ्याशी माझं भांडण नाही. दुसऱ्यानं घेतलं की नाही हे मोजत बसणाऱ्याशी आहे.

*

कादर आमच्याच गावच्या पिंजाऱ्याचा मुलगा. त्यानं घोटा धरला की गडी सुटला असं मी कधी पाहिलं नाही. जयकाऱ्याची वेळ झाली की मात्र कादर खाली वाकून चड्डीची नाडी बांधत बसायचा. दर सामन्याला!

हे हिरालालच्या लक्षात आलं. पुढच्या सामन्याला तोही वाकून नाडी बांधू लागला. त्याच्या पुढच्याला पुनाजी. मग आणखी दोघे.

मालक खवळले. "एकाच वेळी पाच जनाच्या नाड्या ढिल्या होतेत? दर्जी बदला रे यायचा!"

हा किस्सा ओसरीवर सगळ्यात जास्त चालतो. सांगणारे इथेच थांबतात, कारण पुढे हसण्यासारखं काही नाही. कोणाची नाडी खरी आणि कोणाची खोटी, हे मालकांनी त्या दिवशी ओळखलं.

*

एका सामन्यात चढाई करताना पुनाजीचा दम संपत आला. तोंडातून "कबड्डी"ऐवजी "राम राम राम" निघालं. पंच होते गोंदियाचे वर्माजी, रेल्वेतले बाबू. त्यांनी शिट्टी मारली. "दम टूट गया. आउट!"

मालक खुर्चीवरून उठले. "रामाचं नाव घेतल्यानं दम तुटते? कोनी शिकवलं तुमाले?"

"भगवान का नाम लीजिए, कौन मना करता है? पर चढ़ाई में कबड्डी बोलना पड़ता है."

एवढं बोलायचा अवकाश, की मालकांची माणसं दोर ओलांडून आत आली. वर्माजी एकटे. शेवटी म्हणाले, "ठीक है. भगवान के नाम से दम नहीं टूटेगा. बैठिए."

मालकांनी नियम बदलून घेतला! लोकांनी टाळ्या वाजवल्या. वर्माजींनी शिट्टी पुसली आणि खाली पाहत उभे राहिले.

*

गोंदियाला शील्डचा फायनल, केशोरी गावच्या टीमशी. मालकांनी आधीच सांगून टाकलं, "जो जयकारा म्हननार नाही, तो खेळनार नाही."

कादर पुढे आला. "म्हनतो ना मालक. त्यात का हाय?" आणि स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाला.

मालकांनी मान हलवली. "मनातून म्हन."

कादर पुन्हा म्हणाला.

"नाही. मनातून येऊन नाही राहिला."

सगळं गाव पाहत होतं. कादर तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा त्याचा आवाज फाटला. मालक म्हणाले, "बनियन काढ."

हिरालाल मध्ये पडला. "मालक, घोटा कोन धरंल?"

"टीम कोनाची हाय, हिरा?"

कादरनं बनियन काढलं, घडी करून हिरालालच्या हातात दिलं आणि उघड्या अंगानं दोराच्या पलीकडे जाऊन बसला.

*

त्या फायनलची शेवटची चढाई हिरालालची. एक गडी मारला की शील्ड आमची. पंच पुन्हा वर्माजी.

हिरालालनं रेषा ओलांडली आणि दम धरला, "कादर कादर कादर कादर..."

कोपऱ्यातल्या गड्याला शिवून तो परत आला, तरी तोंडात तेच. केशोरीवाले ओरडले, "आऊट! कबड्डी नाही म्हनला!"

वर्माजी शिट्टी हातात धरून मालकांकडे गेले. जुन्या शाळेत उर्दू शिकलेला माणूस. म्हणाले, "आप ही ने मनवाया था, भगवान के नाम से दम नहीं टूटता. कादर भी उसी ऊपरवाले का नाम है. बोलिए, मान लूँ?"

मालकांनी शील्डकडे पाहिलं. "हो, हो! देवाचंच नाव हाय ते! माना!"

वर्माजी वळले. "क्यों हीरालाल, भगवान का ही नाम लिया न?"

हिरालाल गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता. त्यानं दोराकडे पाहिलं.

"नाही जी. मी आमच्या कादरले बोलावून राहिलो होतो."

वर्माजींनी शिट्टी मारली.