शेवूला घेऊन लाइनीच्या कडेला राहायचं का?

परवा मंगळवारी सकाळी तिनईघाटाच्या अलीकडे, रेल्वे लाइनीच्या अगदी कडेला, एका रिकाम्या क्वार्टरात मी उकिडवी बसले होते. पुढ्यात एक उपडी वाटी. वाटीखाली तांदूळ... आणि त्या तांदळावर आमचा पुढचा संसार.

आधी जरा मागचं सांगते. शेवूचे बाबा दिवाळीपासून लाइनीवर, रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये लागले. राहायला क्वार्टर मिळालं, वर कौलं, मागं विहीर. मी मात्र आमच्या गावी गुंदालाच, थोरल्या दिरांच्या घरी, पोरीला घेऊन. हे कधीतरी सुट्टी काढून यायचे, तेव्हा शेवू त्यांच्याकडे पाहुण्यासारखी बघायची.

सगळे म्हणायचे, बाईनं नवऱ्याजवळ जाऊन राहावं. म्हणायला काय जातं! उंबरा आणि लाइन यांच्यात जेमतेम एक अंगण. आणि आमच्या चार वर्षांच्या शेवूला जन्मापासून ऐकूच येत नाही. इंजिनानं शिटी मारून घसा फोडला तरी तिला काय कळणार? 

तरी "एकदा बघून तर जा" म्हणून यांनी गळच घातली, तशी आम्ही बैलगाडीनं आलो. सोबत थोरले भावजी होते. आमच्यात नव्या जागी राहायचं तर आधी जमिनीला विचारतात. सारवलेल्या भुईवर तांदळाचे दाणे दोन-दोन, टोकाला टोक लावून मांडायचे, वर वाटी झाकायची आणि हात जोडायचे. सकाळी जोड्या जशाच्या तशा असल्या तर जमीन राजी. मोडल्या तर दुसरी जागा बघायची.

हे हसले. "दादा, ह्ये घर रेल्वेनं बांधलंय. बांधताना कुनाला इचारलं न्हाई."

"म्हनूनच आपन इचारायचं," भावजी म्हणाले आणि दाणे मांडायला बसले.

तर मंगळवारी सकाळी वाटी उचलली... एकही जोडी जागेवर नाही. दाणे कुठल्या कुठे.

"जमीन नगं म्हनतीया," भावजी म्हणाले. "मी गाडी जुंपतो."

यांनी कपाळावर हात मारला. "आरं दादा, रातभर मालगाड्या जात्यात. भुई हादरती. दानं हलनार न्हाईत तर काय?"

"मग हादरत्या भुईवर पोर ठेवतोस व्हय?"

खरं सांगू? मला आतून हायसं वाटलं. नाही म्हणायचा वाईटपणा माझ्यावर येणार होता, तो जमिनीनं परस्पर घेतला. मग नजर चुलीकडे गेली. एकट्या माणसाचं एकच काळं पडलेलं भांडं... उठून मी ते घासायला घेतलं.

दोघा भावांचं चांगलंच वाजलं. शेवटी यांनी दाणे पुन्हा मांडले. "आता उजेडी बस हितं, आन् बघ कोन मोडतंय त्ये." भावजी फुरंगटून का होईना, बसले. शेवूला वाटलं खेळ आहे, तीही मधे येऊन बसली.

बराच वेळ काहीच नाही. भावजी उठायला लागले.

तेवढ्यात शेवूनं दोन्ही तळवे भुईवर टेकले. मान वर केली आणि दाराबाहेर बोट दाखवलं... लाइन जिथं झाडीत वळते, तिकडे. मी कान दिला. पाखरं तेवढी ओरडत होती. "काय गं?" असं मी हातानं विचारलं, तर तिनं माझाच हात ओढून जमिनीवर दाबला. मला मेलीला काहीच लागेना!

आणि मग लांबून, अगदी बारीक, चढाला लागलेल्या इंजिनाची धाप ऐकू आली... शेवूचं बोट अजून तिकडेच. गाडी दारावरून गेली तेव्हा दाणे नाचायला लागले, एकही जोडी राहिली नाही. पण दाण्यांकडे बघतंय कोण? आम्ही तिघंही पोरीकडे बघत होतो.

भावजींच्या पुढ्यात मी कधी तोंड उघडलेलं नाही. पदर नीट करून त्या दिवशी बोलले. "भावजी, जमीन नगं म्हनत न्हाई. ती शेवूला सांगतीया."

त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, कोयता घेतला आणि रानात गेले. परत आले ते काटेरी फांद्यांचा भारा घेऊन. "कुंपान घातल्याबिगार मी जायाचा न्हाई. जमिनीनं सांगितलं तरी पोर ती पोरच."

दिवसभर ते कुंपण घालत होते. यांनी तिकडे पोरीशी नवा खेळ मांडला... भुई हलली की पळत उंबऱ्याच्या आत, आणि आत आली की गुळाचा खडा. संध्याकाळपर्यंत तिची तीच पळायला लागली. एकदा तर गाडी नसतानाच गूळ मागायला आली, लबाड!

आम्ही राहतोय इथंच. भीती गेली का? छे! कुंपणाच्या फाटकाला दोरी बांधते, ती पुन्हा पुन्हा बघते, पोर डोळ्यांआड झाली की हातातलं काम टाकून धावते.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. तिला ऐकू येत नाही हे कळायच्या आधी गुंदात आम्ही तिला किती हाका मारल्या... पाळण्याशी, अंगणात, मांडीवर घेऊन. एकही पोचली नाही. इथं मात्र जमिनीतून कुणीतरी हाक मारतं, आणि माझी पोरगी हातातलं खेळणं टाकून ओ दिल्यासारखी उठते.