दादांचं उत्तर पुसलं, माझं राहिलं

मंडळी, आज सकाळी जे झालं त्यावर तुमचं मत हवं आहे.

आपल्या बालाघाटच्या नोकरीच्या चर्चामंचावर मी मलाजखंडच्या खाणीवर कामगार पुरवणाऱ्या एका ठेकेदाराबद्दल विचारलं होतं. एका दादांनी उत्तर दिलं, "तो मूळ मार्कशीट ठेवून घेतो आणि परत देत नाही." दहावीची मार्कशीट हा माझा एकुलता एक कागद. मी खाली लिहिलं, "धन्यवाद दादा, फसलोच असतो."

आज त्या ठेकेदाराच्या मुनशीचा फोन आला. "काहून रे, कोन फसवून राह्यलं तुले?"

"वरती एका दादांनी लिहिलं आहे ना," मी म्हणालो.

"वरती तं काहीच नाही. तूच बदनामी करून राह्यला."

मी मंच उघडला. दादांनी आपलं उत्तर पुसून टाकलं होतं. माझं मात्र नावासकट तसंच होतं.

मग लक्षात आलं, माझा नंबर मंचावर नाहीच. तो मी खासगीत फक्त त्या दादांना दिला होता.

लिहिलेलं पुसता यावं का? दादा घाबरले असतील, तर यावं. पण ते मुनशीचेच माणूस असतील, आणि ठेकेदाराविरुद्ध कोण बोलतं ते बघायलाच त्यांनी लिहिलं असेल तर?

मी माझं पुसलेलं नाही. दादांचं उत्तर कुणी वाचलं असेल, तर खाली तेवढं लिहा. आणि कृपा करून पुसू नका.